बस म्हणू नका

आमची घोडी बँडला भ्यायची, आणि धंदा तिचा लग्नातला. आचाऱ्यानं फोडणीला भ्यावं, तसली गत.

ढोल वाजला की ती मान झटकायची आणि मागं मागं सरायची. माझे सासरे, त्यांना मी मामा म्हणते, लगाम धरून पुढं चालायचे. ती मागं सरली की ते ओढायचे, ओढलं की तोंडातलं लोखंड रुतायचं, आणि रुतलं की ती आणखीच मागं. उमापूरच्या लग्नात ती अशीच मागं जात जात पानटपरीत शिरली आणि नवरदेव चुन्याच्या डब्यावर उतरला. लागलं काही नाही, पण हळदीच्या अंगाला चुना. पोरगं लालेलाल झालं. लोकांना वाटलं रक्तच आलं.

घरी येऊन मामा म्हणले, "आता आणखी एक घोटाळा झाला की ही नाठाळ विकायची. व्यापाऱ्याला सांगून ठेवलंय."

मला रडूच आलं. या घरात आले तेव्हा पहिले सहा महिने माझं कुणी नीट ऐकून घेतलं असेल, तर या घोडीनं. मग मी मोबाईलवर एक लगाम बघितला. तोंडात लोखंडच नाही, सगळा पट्टा नाकावरून. मामांना दाखवला.

"म्हैस हाय का ती?" ते म्हणले. "म्होरकी घालून नवरदेव नेतेस?"

"एक लग्न," मी म्हणलं. "एकच. न्हाई जमलं तर विका, मी हूं का चूं करणार न्हाई."

पट्टा मिळाला भंगारातल्या जीपचा. सीट बेल्ट. एकदम कोरा, कारण आमच्याकडं तो कुणी लावल्याचं मला आठवत नाही. शिरूरला गाड्यांची सीट कव्हरं शिवणारे एक चाचा आहेत, त्यांनी तो मापानं शिवून दिला. म्हणले, "घोडीला सीट बेल्ट? तिची बी पावती फाडायलेत काय?"

आता लोखंड गेल्यावर तिला थांबवायचं कशानं? बोलून. मामांचं म्हणणं, जनावराशी बोलायचं नसतं, ओढायचं असतं. म्हणून मी त्यांना न सांगताच शिकवायला घेतलं. रोज बांधावरून फिरवायची, मधेच "बस" म्हणून पट्टा हलका धरायची, थांबली की गुळाचा खडा. आठ दिवसांत शिकली. पुढं तर पोरं "बस आली, बस आली" करत एसटीमागं पळाली की हीसुद्धा थांबायची आणि माझ्या हाताकडं बघायची. मी नुसती हसले. अक्कल गहाण ठेवली होती, दुसरं काय.

लग्न पालीला होतं. सून घोडीसंगं निघाली म्हणून गल्लीत चर्चा झाली. होऊ द्या. पट्टा मामांच्या हातात, गूळ माझ्या. परण्या निघाला, म्हणजे नवरदेव लग्नाआधी घोडीवरून मारुतीच्या दर्शनाला जातो तो. बँड वाजला. घोडीनं कान टवकारले, पण मान झटकली नाही, सरळ पुढं चालली. मला तर तिथंच मारुती भेटला.

तेवढ्यात नवरदेवाचा चुलता म्हणला, "नीट बस रे." घोडी थांबली. मी गूळ दिला, निघाली. दहा पावलांवर आत्या म्हणली, "ताठ बस की बाळा." थांबली. मग करवली, मग मेव्हणा. घोड्यावर बसलेल्याला बस म्हणल्याशिवाय आपल्या माणसांना चैनच पडत नाही. बँड वाजत वाजत मारुतीपाशी पोचला, आणि तिथं नवरदेवच नव्हता.

मी चुलत्याला बाजूला घेतलं. "भाऊ, तो शब्द म्हणू नका."

"कोणता?"

आता सांगू कसा? "उभं राहायच्या उलटा."

"झोप?"

"त्याच्या अलीकडचा."

"लवंड?"

शेवटी कानात सांगितला. भला माणूस. त्यानं लगेच सगळ्या वऱ्हाडाला ओरडून सांगितलं, "ए, कुणी बस म्हणू नका बे!" घोडी थांबली. गूळ संपला होता.

त्यातच कुणीतरी फटाक्यांची लड लावली, अगदी तिच्या पायापाशी. ती थरथरली, पुढचे पाय उचलायला लागली. नवरदेव पांढरा पडला. वऱ्हाडाला तो शब्दच बंद, त्यामुळं कुणी ब्र काढेना. माझी तर वाचाच बसली. मामांचा हात सवयीनं ओढायला गेला आणि मधेच राहिला. ओढून रुतणार काय होतं? ते तिच्याकडं वळले आणि म्हणले, "बस गं माय. बस."

ती उभी राहिली. लड संपेपर्यंत थरथरत का होईना, उभी राहिली. मग मामांच्या तळहातात नाक घालून गूळ हुडकायला लागली.

नवरदेव पडला नाही, पण मुहूर्त टळला, आणि त्याचा बाप आम्हाला जे बोलला ते लिहिण्यासारखं नाही. मामा वाटभर मागं न बघता पुढं चालत राहिले. मी समजले, संपलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी व्यापारी दारात हजर. मी घोडीच्या मानेला धरून उभी, डोळ्याला पदर. व्यापारी म्हणला, दात दाखवा. मामांनी स्वतः तिचं तोंड उघडलं आणि बघतच राहिले. ओठांच्या दोन्ही कोपऱ्यांत जुने काळे वण होते. त्यातल्या एकावरून त्यांनी अंगठा फिरवला.

"जनावर चांगलं हाय," व्यापारी म्हणला. "खोड काय हाय ते आदी सांगा."

मामांनी तिचं तोंड हळूच मिटवलं.

"खोड तिला न्हाई," ते म्हणले. "मला होती. जावा तुमी. न्हाई विकायची."