पंखातला मणी
नात नखांना पॉलिश लावायला बसली, की त्या वासाने मला डोंबिवलीचं आमचं अंगण आठवतं. तिथे ह्यांनी एका माणसापुरतं विमान बांधलं होतं. पंखांचं कापड मी शिवायचे, ते त्यावर असाच वास येणारं रोगण चढवायचे. पहिल्यांदा उडायच्या दिवशी, कल्याणजवळच्या, महायुद्धाच्या वेळच्या ओस धावपट्टीवर, मी विमानाला घातलेला हार पाहून म्हणाले, "अगं, काढ तो. तेवढंही वजन नको." हार काढला, पण मंगळसूत्रातला एक काळा मणी मी आधीच पंखाच्या शिवणीत लपवला होता. ते सुखरूप उतरले. दोन वर्षांनी जुनं कापड त्यांनीच उसवलं. मणी त्यांना सापडला असणार. मी शिवलेल्या नव्या पंखावरून हात फिरवला, तर मणी त्याच जागी हाताला लागला. टाके वाकडेतिकडे होते, माझे नव्हते.