फटफटीवरचा मुराळी

माझ्या सासऱ्यांची फटफटी बारा वर्षं बंद होती आणि एका माणसाखेरीज कुणाचं काही अडलेलं नव्हतं. मग त्या घरात डिप्लोमा झालेला जावई आला. तो मी.

अडलं होतं ते सोनाआत्याचं. सोनाआत्या म्हणजे माझे सासरे तात्या यांची थोरली बहीण, मढला दिलेली. बारा वर्षांपूर्वी तात्या भाऊबीजेला तिला आणायला मुराळी म्हणून फटफटी घेऊन गेले. परतताना ओतूरच्या अलीकडे फटफटीने मान टाकली, आणि नवं लुगडं नेसलेली सोनाआत्या धुळीतून ओतूरपर्यंत चालत गेली. तिथून तिने एसटी पकडली, पण माहेरची नव्हे, मढची! जाताना सांगून गेली, "आता हीच फटफटी माझ्या दारात धडधडत उभी ऱ्हाईल तवाच माहेरी यीन. न्हाईतर न्हाई!"

तेव्हापासून तात्या दर भाऊबीजेला एसटीने मढला जाऊन ओवाळून घेत. आत्या ओवाळायची, जेवू घालायची, पण माहेरी, कळंबला म्हणून यायची नाही.

लग्नानंतरच्या पहिल्या दिवाळसणाला मी कळंबला गेलो (नव्वदीतली गोष्ट), तेव्हा तात्यांनी चिवड्याची बशी खाली ठेवली. मग म्हणाले, "आक्का आता सत्तरीच्या फुडं गेली, पावणं. यंदा तरी तिनं घराचा उंबरा वलांडावा, येवढंच वाटतंय."

म्हाताऱ्या माणसाचा आवाज असा कापलेला ऐकला की मला राहवत नाही. "त्यात काय तात्या! मी करतो की चालू!" मी बोलून गेलो.

(डिप्लोमाला मी इंजिनाचं चित्र फार सुबक काढलं होतं. इंजिन उघडलं मात्र नव्हतं.)

फटफटी गोठ्यात कडब्याखाली होती. सीटवर कोंबडी होती. कोंबडीने मला दोनदा टोचलं, पण तो तिचा अधिकार होता. भाऊबीजेला चार दिवस होते. मी अंगणात पोतं अंथरलं आणि जे जे फिरत होतं ते ते फिरवून काढलं. नरकचतुर्दशीला सगळं गाव तेल लावून आंघोळ करत होतं, मी नुसतंच तेल लावून बसलो होतो.

तिसऱ्या दिवशी सगळं परत जोडलं, तर पोत्यावर एक स्प्रिंग उरली.

"पावणं, ही ऱ्हायली जणू," तात्या हळूच म्हणाले.

"जुन्या गाड्यांत एखादी जास्तीची असते," मी म्हणालो आणि स्प्रिंग खिशात टाकली.

"तुमी म्हणताय तर आसंल."

दिवाळसणाला आलेल्या जावयाला 'तुझं चुकलं' असं कोण म्हणणार? या रीतीनेच माझा घात केला!

किक मारली. ती खाली गेली आणि तिथेच बसली. हाताने ओढली तरी हलेना. "किक दमलीय, ढकलून चालू करू," मी जाहीर केलं. मग सगळ्या आळीने मला फटफटीवर बसवून मारुतीच्या देवळापर्यंत तीनदा ढकललं (जावयाला ढकलायला कसं लावायचं?), पण इंजिन हूं की चूं करेना. मी प्लग पाहिला, पेट्रोल पाहिलं, शेवटी आभाळाकडे पाहिलं.

सासूबाई पदराने हात पुसत आल्या. "धुराडं बघितलं का?"

"अहो, हे इंजिन आहे. चूल नव्हे."

"आसंना. धुराडं तुंबलं की चूल बी पेटत न्हाई." त्यांनी सळई घेऊन सायलेन्सरमध्ये खुपसली. आतून भुईमुगाच्या शेंगा पडायला लागल्या. उंदरांनी बारा वर्षांची बेगमी केली होती! निम्मी पाटी भरली. पुढच्या धक्क्याला फटफटी धडाडली आणि उरलेल्या शेंगा सुसाट उडाल्या. बायको, मंदा, लांबूनच ओरडली, "अवो, भाजून निघाल्यात!"

भाऊबीजेला तात्या आणि मी निघालो. तात्या चालवायला, मी बंद पडली तर ढकलायला. आळेफाट्याला बंद पडली, ओतूरला बंद पडली. पण मढला सोनाआत्याच्या दारात मात्र धडधडत उभी राहिली. आत्या बाहेर आली, कान देऊन नीट ऐकलं आणि एकदम डोळ्याला पदर लावला. 

जेवणं झाली. गाडी अर्थातच बंद करावी लागली होती. परत तिघं एकाच गाडीवर जाणार असं ठरलं. आत्या मागे बसली, आपलं गाठोडं आणि एक मोठं डांगर (लाल भोपळा) तिने माझ्या हातात दिलं, आणि मी खांद्याने ढकलायला लागलो. उताराला फटफटी चालू झाली.

"थांबीव की तात्या! पावणं ऱ्हायलं!" आत्या ओरडली.

"थांबली तर बंद पडंल, आक्का!"

"मग नगं थांबू!"

आणि ती दोघं दिसेनाशी झाली. माहेरवाशीण गेली, मुराळी मढला राहिला. सणाच्या गर्दीने भरलेली एसटी वाटेत कसली थांबते? तासभर चाललो, मग टोमॅटोच्या टेंपोत बसून, डांगर मांडीवर घेऊन, दिवेलागणीला कळंबला पोचलो. सोनाआत्या पाटापाशी ताट घेऊन ओवाळत होती आणि तात्या लहान पोरासारखे हसत होते. मला पाहून ती म्हणाली, "मागल्या टायमाला मी चालले, यंदा पावणं चाललं. फिटलं!"

दुसऱ्या दिवशी आत्या अडून बसली, जाताना बी फटफटीच. म्हणून मंचरहून मेस्त्री बोलावला. त्याने किक हलवली, आत डोकावला आणि म्हणाला, "किकची स्प्रिंगच न्हाई हिला. कुण्या येड्यानं खोलली व्हती?"

 सासूबाई कोंबडीकडे बघायला लागल्या.

"व्हता एक," तात्या शांतपणे म्हणाले. "आला आन् गेला."

"परत आला तर हात लावू दिऊ नगा, राव."

मेस्त्रीची पाठ वळल्यावर मी खिशातली स्प्रिंग गुपचूप पोत्यावर टाकली आणि म्हणालो, "मेस्त्री, ही बघा, इथेच पडली होती. त्या गाढवाला दिसली नसेल."