प्लेटिंगच्या बाई

“खाली गाव हाय, विसरू नका,” हे आमच्या बाईंचं पालुपद. म्हणताना चष्मा कपाळावर सरकवायच्या आणि शेडमागच्या नाल्याकडे बोट करायच्या.

परभणीच्या एमआयडीसीत त्यांचं प्लेटिंगचं छोटं शेड होतं. लोखंडी भागांना जस्ताचा मुलामा द्यायचं काम. मी तिथं स्टोअर सांभाळायचो. बाई मूळच्या ताडकळसच्या, शाळेत विज्ञान शिकवायच्या. नवरा गेल्यावर शाळा सोडून शेडमध्ये आल्या. अशी माणसं तुमच्याही पाहण्यात असतील, पेशा सुटतो पण खोड सुटत नाही. एखाद्या कामगारानं हातमोजे काढून ठेवले की बाई म्हणायच्या, “हात पुढं कर.” तो बिचारा छडी खायच्या तयारीनं हात पुढं करायचा. बाई त्यात मोजे ठेवायच्या.

तेव्हा मुलामा दिलेले भाग धुतलेलं आमचं पिवळं पाणी सगळ्यांसारखंच नाल्यात जायचं. बाईंना ते खुपायचं, पण इलाज नव्हता. मग छत्रपती संभाजीनगरकडच्या एका इलेक्ट्रॉनिक्स संकुलातून काम आलं. अट अशी, की विषारी रसायन बंद करायचं आणि पाणी शुद्ध करून पुन्हा वापरायचं. आम्ही धास्तावलो. बाई मात्र लग्नघरात हिंडाव्या तशा हिंडत होत्या. “बघा, मोठे सुधरले की लहानाला सुधरावंच लागतंय!”

शुद्धीकरणाच्या टाक्या बसल्या. निदान आमचं पाणी तरी नाल्यात जायचं थांबलं. दुसरे कारखानदार बघायला यायचे. बाई त्यांना फळ्यावर चित्र काढून समजवायच्या.

एक दिवस संकुलाचे साहेब आले. चहा घेतला, टाक्यांचं कौतुक केलं आणि म्हणाले, “मॅडम, आता आमच्या संकुलातच प्लेटिंग सुरू होतंय. तुमच्याकडून येणाऱ्या ट्रकचा धूरही आमच्या प्रदूषणात धरतात हो.”

बाईंनी चष्मा कपाळावर सरकवला. मग म्हणाल्या, “आन आमचा नाला कुणाच्यात धरतात?”

साहेबांनी कप खाली ठेवला.

उरलं ते नांगराचे बोल्ट आणि खाटांचे पाईप. त्या गिऱ्हाइकांना पाण्याशी काय देणंघेणं? शेजारच्या शेडात स्वस्तात व्हायचं. फोरमन म्हणाला, “बाई, थोडे दिवस टाक्या बंद ठेवू.”

“मग तुमीच जाऊन सांगा खालच्यांना.”

त्यांनी टाक्या बंद केल्या नाहीत, शेडच बंद केलं. शेजाऱ्यानं ते आम्हा माणसांसकट घेतलं. बाई मुलीकडे पुण्याला गेल्या. निघताना प्रत्येकाशी बोलल्या, टाक्यांकडे मात्र फिरकल्या नाहीत.

नव्या मालकानं टाक्या भंगारात दिल्या. दारावरची बाईंच्या नावाची पाटी तेवढी ठेवली. त्या नावाला बाजारात मान होता.

गेल्या महिन्यात खालच्या गावचा एक शेतकरी आला. हातातल्या बाटलीत त्याच्या विहिरीचं पिवळसर पाणी होतं.

“बाई कुठं हायत?”

“त्या गेल्या. आता मालक दुसरे आहेत.”

“खोटं कामून बोलायलाव?” पाटीकडं मान उडवून तो म्हणाला. “नाव तर त्यायचंच हाय. लय चांगल्या समजत होतो आमी त्यायला.”

मी पुन्हा सांगायला लागलो. त्यानं ऐकून घेतलं नाही. बाटली माझ्या टेबलावर ठेवली आणि जाताना पाटीखाली थुंकला.