ताईच्या सासूबाई आणि नालीचं पाणी

नालीच्या पाण्यावर इतका जीव लावणारं दुसरं माणूस अख्ख्या वाशीम जिल्ह्यात सापडणार नाही, आणि ते नेमकं माझ्या ताईची सासू निघावं, हे मी माझं भाग्य समजतो. मी त्यांना मावशी म्हणतो. कामरगावच्या अलीकडे त्यांचं खेडं. पाहुणे म्हणून कुणाकडे गेल्या की मावशी आधी न्हाणीमागे जातात. पाणी कुठे जातं, तुंबतं का, वास कसला येतो, हे पाहून झाल्यावरच चहा. लेकीसाठी स्थळ पाहायला आम्ही गेलो, तर मुलाला सोडून त्या घरामागच्या डबक्याशी जाऊन बसल्या. परतल्या त्या तोंड वाकडं करूनच. "पोरगा चांगला हाये, पन मोरीचं पानी विहिरीपाशीच सोडून राह्यले. माह्या पोरीनं काहून प्यावं थे?" त्या लोकांनी मोरी हलवली, मगच लग्न ठरलं.

हे वेड त्यांनी समुद्राकाठून आणलं. काही वर्षांपूर्वी दिवाळीनंतर त्या नवऱ्याबरोबर मजुरीला कोकणातल्या एका कोळीवाड्यात गेल्या होत्या. वस्तीचं सांडपाणी शुद्ध करून मगच खाडीत सोडायचं, असं काम तिथे चाललं होतं. खाली मोठे दगड, त्यावर बारीक गिट्टी, वर रेती आणि रेतीत कर्दळीची रोपं. बाकीच्या बाया टोपलं ओतून मोकळ्या व्हायच्या, मावशी प्रत्येक थराला कामावरच्या साहेबांना विचारायच्या, "हे काहून?" दगडांवर, मुळांवर डोळ्यांना न दिसणारे जीव वाढतात, ते घाण खातात, असं साहेबांनी समजावलं. रोपं धरली, आणि काळं शिरलेलं पाणी दुसऱ्या टोकाला नितळ बाहेर पडलं. "समुद्र पाह्यला मी," मावशी म्हणतात, "पन पाहातच राह्यली थे हे पानी."

गावी परतल्या तेव्हा ताईचा मुलगा जुलाबांनी आडवा होता, कारंज्याला सलाईनवर. गल्लीतली सगळी घाण नाल्यात जायची आणि पोरं त्यातच खेळायची. मावशींनी परसातला मिरचीचा वाफा उखडून खड्डा खणला, दगड, गिट्टी, रेती भरून वर कर्दळ लावली आणि घरची मोरी त्यात सोडली. सरपंच हसले, "मावशी, नालीले फुलं लावता काय?"

"लावतो. तुमी पाहा फक्त."

उन्हाळ्यात कर्दळ लालभडक फुलली. मावशींनी सरपंचांना बोलावलं, त्यांच्याच खिशातला पांढरा रुमाल खड्ड्यातून बाहेर पडणाऱ्या पाण्यात बुडवला, पिळला आणि परत हातावर ठेवला. रुमाल पांढराच. सरपंच कितीतरी वेळ तो उलटसुलट करून हुंगत होते. पुढे गल्लीतली सगळी घरं त्या खड्ड्याला जोडली गेली. नातवाला पुन्हा सलाईन लागली नाही.

गेल्या हिवाळ्यात मी त्यांना हौसेनं त्या कोळीवाड्यात घेऊन गेलो. कर्दळ पुरुषभर उंच झाली होती. मावशी झपाझप फाटकाकडे निघाल्या, तर राखणदार आडवा आला. "आजी, आत जायला मनाई आहे."

इथली गिट्टी-रेती यांनीच डोक्यावरून वाहिलीय, असं मी त्याला सांगणार, तेवढ्यात मावशींनी माझा दंड धरला.

"नोको सांगू, बापू. चालू हाये ना? बास झालं."

मग कुंपणाची जाळी दोन्ही हातांनी धरून त्या उभ्या राहिल्या. पलीकडे पाणी झुळझुळत खाडीकडे निघालं होतं. मला त्यांना गाडीची वेळ सांगायची होती. ते धाडस काही माझं झालं नाही.