पोरीचे गुडघे

आत्या शाळेच्या गणवेशांच्या दुकानात कामाला होती, आणि तिच्या हाती सापडलेली एकही आई मापाचा स्कर्ट घेऊन बाहेर पडत नसे. "वाढतं अंग आहे, चार बोटं लांबच घ्या," असं आत्या इतक्या मायेनं सांगे की बाया मुकाट्यानं घेत. मुलगी बुजगावणं दिसली तरी बेहत्तर, गुडघे झाकले पाहिजेत! कारण आत्याचे स्वतःचे गुडघे आत वळलेले होते. उभी राहिली की गुडघ्याला गुडघा टेके आणि पावलं लांब राहत. शाळेत मुली तिला 'कात्री' म्हणत. त्या मुली आता आया झाल्या, चिडवलेलं विसरल्याही असतील. आत्या विसरली नाही. सायकलवर बसली नाही, पोहायला शिकली नाही. दुकानातला हिशेबनीस एकदा फिरायला येतेस का म्हणाला, तर आपली चाल दिसेल म्हणून हिनं नाही म्हटलं. त्यानं पुन्हा विचारलं नाही.

भावाची मुलगी तेरा वर्षांची झाली आणि तिचेही गुडघे तसेच दिसायला लागले. एकाच घरात राहणारे भाऊ-वहिनी कानाडोळा करत होते, म्हणून आत्याच पोरीला डॉक्टरकडे घेऊन गेली.

"फार नाही," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "तळवे सपाट आहेत, बुटात हे सोल घालू द्या, आधार मिळेल. व्यायामानं कंबर, मांड्या बळकट होतील, पाय दुखतात तेही थांबेल. पण त्यानं हाड काही सरळ होत नसतं हं."

शेवटचं वाक्य तेवढं आत्यानं ऐकलं नाही. ती हात धुऊन पोरीच्या मागे लागली. सकाळी उठल्याउठल्या तिला कुशीवर झोपवायचं, मांड्यांना रबरी पट्टा अडकवायचा, पाय दुमडून वरचा गुडघा उचलायला लावायचा. मग भिंतीला पाठ लावून अर्ध्या बैठका. पोरगी गाणी म्हणत सगळं करायची. झालं की आत्या तिला सरळ उभी करी आणि घोट्यांच्या मधल्या फटीत किती बोटं मावतात ते बघे.

"ताई, पोर आहे ती, दरवाजा नाही," भाऊ म्हणे. आत्या ऐकेल तर शपथ.

वर्षभरात पोरीचे पाय दुखायचे थांबले. ती पळू लागली, व्हॉलीबॉलच्या संघात गेली. फटीत बोटं मात्र तेवढीच जात होती. सामन्याच्या दिवशी सोल घरीच, जुन्या बुटांत राहिलेले आत्याला दिसले. ते पिशवीत घालून ती तडक मैदानावर गेली. पोरगी आखूड चड्डीत, चारचौघांत, खुशाल उभी!  आत्यानं पोरीला बाजूला ओढलं.

"सोल विसरलीस! आणि हे काय घातलंयस?"

"अगं, सगळ्यांची हीच आहे." पोरीनं बसून सोल बुटांत सरकवले. "आणि माझे पाय मस्त आहेत आता. उडी बघ ना माझी!"

"मस्त? होते तसेच आहेत. अख्खं मैदान बघतंय."

"कुणी बघत नाही गं, आत्या."

आत्याला ते फार लागलं. कुणी बघत नाही? मग आपण आयुष्यभर झाकत काय बसलो? हे खरं निघालं तर आपल्या हाती राहिलं काय?

"तोंडावर बोलत नाहीत," ती म्हणाली. "मागून हसतात. मला हसायच्या तशाच. तुझ्या मैत्रिणीसुद्धा." मैत्रिणींचं तिनं पदरचं घातलं होतं.

 शिट्टी झाली तशी पोरगी मैदानात गेली. चेंडू तिच्याकडे आला तेव्हा तिचा एक हात चड्डीची कड खाली ओढत होता. चेंडू पडला. मैत्रिणी हसल्या. नेहमीसारख्याच हसल्या असतील, पण तिनं वळून त्यांच्याकडे पाहिलं, आणि मग आपल्या गुडघ्यांकडे.

आत्या कडेच्या बाकावर बसली. तिला वाईट वाटलं, फार वाईट वाटलं. बोललेलं परत घ्यावंसंही वाटलं. पण खोटं कशाला बोलायचं, आत कुठेतरी तिला थोडं बरंही वाटत होतं. आता गुडघे झाकणारी घरात ती एकटी नव्हती.