छावणीत माझ्या राखणीला आलेली काकू

माझा नवरा मला मारत नसे. हे आधीच सांगते, कारण नंतर सगळ्यांनी मला हाच प्रश्न विचारला. दारू नाही, तंबाखू नाही. गावच्या सहकारी सोसायटीचा सचिव, रोज इस्त्रीचा पांढरा शर्ट. गावात त्याच्याबद्दल कुणी वाकडा शब्द बोलत नसे. पण पाण्याला किती वेळ लागला, वाटेत कोण भेटलं, शेजारीण काय म्हणाली, हे रोज संध्याकाळी मला त्याच्यासमोर उभं राहून सांगावं लागे. सांगताना आवाज अडखळला की तो शांतपणे म्हणायचा, "पुन्हा पहिल्यापासून सांग." माझी बारावीची कागदपत्रं त्याच्या लोखंडी कपाटात होती. माझ्याकडे फोन नव्हता. मूल होत नव्हतं, पण त्यानं मला दवाखान्यातही नेलं नाही. डॉक्टरीणबाई मला एकटीला आत बोलावतील, हे त्याला नको होतं.

माझे वडील वारल्याची खबर मला तेरावा झाल्यावर कळली. "निरोपच उशिरा आला," तो म्हणाला. मी त्यावर विश्वास ठेवला. पुढं कितीतरी दिवस मी चुलीपुढं बसूनच रडले, कारण तिथं डोळे लाल झाले तर कुणी काही विचारत नसे.

त्यानंतरच्या वर्षी पावसानं सलग दुसऱ्यांदा दगा दिला. बोअर आटलं, कडबा संपला. सोसायटीनं गेवराईच्या रस्त्याला माळावर चारा छावणी उघडली. जनावरांसोबत घरातलं माणूस राहिलं पाहिजे, असा तिथला नियम होता. सचिवाच्याच घरची जनावरं छावणीत नसतील तर बरं दिसणार नाही, म्हणून त्यानं आमच्या दोन म्हशी आणि एक गाय तिथं नेली. जनावरांचं करायला मला पाठवलं आणि माझ्या राखणीला काकूंना.

काकू म्हणजे नवऱ्याची विधवा चुलती. मूलबाळ नसलेली, मागच्या खोलीत राहणारी. नवरा बाहेर असला की माझ्यावर त्यांचेच डोळे असत. मी कुणाशी हसले, खिडकी कधी उघडली, हे त्याच त्याला सांगत. मला नवऱ्यापेक्षा त्यांचीच जास्त भीती वाटे.

माळावर पाचटाच्या खोपींची रांग होती. आमच्या शेजारच्या खोपीत दुसऱ्या गावच्या एक मावशी दोन बैल घेऊन राहत होत्या. त्या बौद्ध वस्तीतल्या आहेत हे कळल्याबरोबर काकू मला मोठ्यानं म्हणाल्या, "त्यांच्या घागरीला हात लावायचा न्हाई." मावशींनी ते ऐकलं. त्या बैलांपुढं उसाचे वाढे टाकत राहिल्या.

आठवड्याभरात काकू तापानं फणफणल्या. त्याच दिवशी टँकर आला नाही. आमच्याकडं थेंब नव्हता. दुपारी मावशी आल्या आणि अर्धी घागर पाणी आमच्या खोपीच्या तोंडाशी ठेवून गेल्या. काकू त्या घागरीकडं बराच वेळ बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "दे." मी तांब्या भरून दिला. दोन्ही हातांनी धरून त्या ते पाणी प्यायल्या.

ताप उतरल्यावर एका दुपारी मी त्यांचे पाय चेपत होते. त्या पाचटाकडं बघत म्हणाल्या, "तुझ्या बापाचा सांगावा आलता."

"कधी?"

"जित्ता होता तवा. पोरीला एकदा बघायचं म्हनला. ह्याच्या मोबाईलवर फोन आलता. मी तितंच बसले होते. फोन ठिवल्यावर ह्यो मला म्हनला, तिला कळू देऊ नका. मी गप बसले."

"कावून?" मी विचारलं.

"मला बी त्याच्याच घरात ऱ्हायचं हुतं, बाई."

मी त्यांचे पाय सोडले आणि म्हशींकडं जाऊन उभी राहिले. वडील दाराकडं बघत पडून राहिले असतील, हे एकच डोळ्यांपुढं येत होतं. दोन दिवस मी काकूंशी बोलले नाही. भाकरी त्यांच्यापुढं ठेवायचे आणि उठून जायचे.

तिसऱ्या दिवशी त्या म्हणाल्या, "पीठ सपलंय, घरून घेऊन येते." पीठ संपलेलं नव्हतं. चाऱ्याच्या ट्रॅक्टरवर बसून त्या गेल्या, दिवस मावळायच्या आत परत आल्या. आल्यावर पिठाच्या डब्यात कोपरापर्यंत हात घालून त्यांनी एक प्लॅस्टिकची पिशवी बाहेर काढली. आत माझी कागदपत्रं होती. ते लोखंडी कपाट मुळात त्यांच्या नवऱ्याचं. त्याची दुसरी किल्ली इतकी वर्षं त्यांच्याच कमरेला होती. माझ्या नवऱ्याला ते ठाऊक नव्हतं.

"जा," त्या म्हणाल्या.

"कुठं जाऊ? माहेरी भाऊ ठेवून घेणार नाही. एकदा गेलते तर त्यानंच आणून सोडलं."

बाजूला मावशी दावं वळत बसल्या होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "माजी पोरगी बीडला नर्स हाय. दोन खोल्या हायत तिला. मी फोन लावते."

"तुमाला तरास होईल, मावशी."

"तरासाला कुटं कमी हाय हितं? एक अजून."

दुसऱ्या दिवशी सकाळी डेअरीची दुधाची गाडी आली. तिचा ड्रायव्हर नवऱ्याचा शाळेपासूनचा मित्र. आमच्या घरी कितीदा जेवून गेलेला. त्याला बघून मी म्हशीआड सरकले. काकू मात्र सरळ त्याच्यापाशी गेल्या. "सूनबाईचं पोट दुखतंय. गेवराईच्या दवाखान्यात सोड तिला."

त्यानं माझ्या काखेतल्या बोचक्याकडं पाहिलं, मग माझ्याकडं. पुढच्या सीटवरचा कॅन उचलून मागं ठेवला.

"तुमी बी चला," मी काकूंना हळूच म्हणाले.

"म्हशीची धार कोन काढंल?" म्हणत त्यांनी माझा पदर बोचक्यावर ओढला आणि पाठ फिरवली.

गेवराईत दवाखाना मागं पडला, तरी गाडी थांबेना. भीतीनं माझा हात दाराच्या कडीवर गेला. गाडी थांबली ती बसस्टँडवर. "बीडची यष्टी आत्ता लागंल, वहिनी," समोर बघतच तो म्हणाला. "तुमाला दवाखान्यात सोडलं म्हनून सांगन मी त्याला."

मावशींच्या मुलीकडं मी सात महिने राहिले. तिनं मला एकदाही काही खोदून विचारलं नाही. पुढं एका बालवाडीत काम मिळालं. कोर्टात घटस्फोटाची केस चार वर्षं चालली. प्रत्येक तारखेला नवरा पांढऱ्या शर्टात यायचा. "हिला विचारा साहेब, मी कधी हात उचलला का?" मला "नाही" म्हणावं लागे. ते "नाही" म्हणताना मलाच मी खोटी वाटायचे.

काकूंचं मला आणि माझं काकूंना मावशींकडून कळत गेलं. मी निघाले त्या संध्याकाळी नवरा छावणीत आला, तेव्हा काकूंनी तोंडावर सांगितलं, "मीच धाडली." तो ओरडला नाही. पाऊस पडून छावणी उठली, त्या दिवशी त्यानं काकूंना गाठोड्यासकट चकलांब्याला त्यांच्या भावाच्या दारात सोडलं.

हे मला वर्षाच्या आत कळलं होतं. चकलांबा काही परदेशात नाही, गेवराईच्या पुढंच. पण गेवराईची पाटी लावलेली बस दिसली तरी मी तोंड फिरवायचे. केस संपू दे, मग जाऊ. सुट्टी लागू दे, मग जाऊ. असं करत मी गेले नाही.

निकाल लागल्यावर एक नऊवारी घेऊन गेले. काकू उन्हाळ्यातच गेल्या होत्या. भावाच्या सुनेनं त्या झोपायच्या ती ओसरीची बाजू दाखवली. तिथं आता खताची पोती रचली होती.

"लई बोलायच्या तुमच्याबद्दल," ती म्हणाली. "आल्यागेल्याला सांगायच्या, माजी सून बीडला शाळंत शिकविती." मग तिनं विचारलं, "तुमी आल्या कावून न्हाईत?"

तिच्या बोलण्यात टोमणा नव्हता.

जिथं त्यांना अग्नी दिला, ती जागा दाखवायला ती ओढ्यापर्यंत माझ्याबरोबर आली. तिथं गोटे होते आणि बाभळी. मी थोडा वेळ उभी राहिले. नऊवारी मी त्या सुनेलाच दिली. ती घेत नव्हती, मग घेतली. तिनं मला चहा दिला, भाकरी खाऊनच जा म्हणून बसवून घेतलं. परतीची गाडी तीनला होती. ती साडेचारला आली.