विटांच्या माडीचं पुढचं दार

अकोल्यात जठारपेठेच्या अंगाला खुशालराव देशमुखांच्या बापानं विटांची माडी बांधली होती. कापसाच्या तेजीतलं बांधकाम ते. लाल विटा, चुन्याच्या बारीक सांधी, आणि समोर अशी कमान की अंबारीसकट हत्ती आत जावा. हत्ती कधी आला नाही. देवमनची आई चतुराबाई मात्र रोज गवताचा भारा घेऊन यायची. मागच्या ठेंगण्या दारानं, वाकून. परसाच्या पुढं तिचं पाऊल कधी पडलं नाही, आणि देवमनचंही.

पुढं माडी सरकारनं भाड्यानं घेतली, तिथं कचेरी बसली. देवमन मॅट्रिक झालेला, छप्पन साली आईसकट बौद्ध झालेला. अठ्ठावनमध्ये तो त्याच कचेरीत कारकून म्हणून लागला. त्याच्या मनात एकच होतं, कमानीतून आत जायचं. त्यासाठी त्यानं नवा सदरा शिवला.

पोचला तर कमानीत गवंडी बसलेला. साहेब पुण्याकडचे, अकोल्याचं ऊन त्यांना सोसेना. झळ थेट टेबलावर येते म्हणून त्यांनी कमानच बुजवायला काढली होती.

"मांगून जा बाबू," गवंडी म्हणाला, "आता सगळ्याईचा रस्ता तोच."

देवमन मागून गेला. सवयीनं वाकला, डोकं लागलं नाही. साहेबांच्या कपाळाला मात्र त्याच आठवड्यात टेंगूळ आलं.

उन्हाळा सरता सरता खुशालराव शेताच्या कामाचा अर्ज घेऊन आले. बुजलेल्या कमानीसमोर बराच वेळ उभे राहिले, मग शिपायाकरवी देवमनला बाहेर बोलावलं. बापाच्या घरात आपण गडीमाणसांच्या दारानं जाणार नाही, अर्ज इथंच घे, असं त्यांचं म्हणणं. देवमनला घेता आला असता. त्यानं हात पुढं केला नाही.

"भाऊसाहेब, अर्ज आतच घेतात. मीबी तिकूनच येतो."

"तुह्यं ठीक हाय रे. तुले सवय हाय."

"तुमालेबी होईन."

खुशालराव वळसा घालून मागं आले. चालले ते ताठच. त्या घरात वाकायचं त्यांना ठाऊक नव्हतं. सोबत आलेल्या देवमननं झटकन आपला पंजा चौकटीच्या वरच्या लाकडाला लावला. म्हाताऱ्याचं कपाळ त्यावर आदळलं.

संध्याकाळी चतुराबाईनं सगळं ऐकून घेतलं, सुजलेली बोटं पाहिली.

"त्याचं डोकस्कं कावून वाचवलं?"

 तिनं तव्यावरची भाकर उलटली.

"अन् समोरून कोन जाते आता?"

"कोनीच नाई, माय."